कुंपणाला करवंद, पण फळ नाही: अमळनेरच्या एका अंगणातलं प्रकरण

अमळनेर शहराच्या कडेला नव्या वसाहतीतलं एक घर. प्लॉटच्या पश्चिमेला 60 फूट लांब करवंदाची ओळ, जुलै 2020 मध्ये लावलेली. रोपं 3 फुटांवर, एकूण 21. घरच्यांना दोन गोष्टी हव्या होत्या: मोकाट शेळ्या-गुरं आत येऊ नयेत आणि उन्हाळ्यात घरची करवंदं खायला मिळावीत. पहिली गोष्ट दोन वर्षांत साधली. करवंदाच्या दाट जाळीतून शेळीसुद्धा तोंड घालत नाही. दुसरी मात्र मे 2023 उजाडला तरी साधली नव्हती. घरातल्या आजींनी एका वाक्यात सांगितलं: "झाड हिरवंगार शे, पन फय एक बी नही."

करवंदाबद्दल ही तक्रार वरचेवर ऐकू येते. झाड मरत नाही, वाळत नाही, 45 अंशांच्या उन्हातही तग धरतं, म्हणून त्याचं काही चुकत असेल असं कुणाला वाटत नाही. मग "रोपच नर निघालं" किंवा "नर्सरीवाल्यानं फसवलं" असा निष्कर्ष निघतो. करवंदात नर-मादी अशी वेगळी झाडं नसतात. प्रत्येक फुलात दोन्ही भाग असतात. कारण दुसरीकडे शोधावं लागतं, आणि या अंगणात ते ओळीच्या शेवटच्या टोकाला उघड दिसत होतं.

मे 2023 ची पाहणी

फाटकापासून मोजत झाडांना 1 ते 21 असे क्रमांक दिले. ओळीचे सरळ तीन भाग पडले.

1 ते 3 ही झाडं पिवळी, विरळ, गुडघ्याएवढी. 2 नंबरचं जवळपास वाळलेलं.

4 ते 19 ही 16 झाडं अगदी देखणी. 4 फूट उंच, वरून टेबलासारखी सपाट, बाजू भिंतीसारख्या उभ्या, पानं चकचकीत. फळ एकही नाही.

20 आणि 21 मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या सिमेंटच्या टाकीमागे. फांद्या 6 फुटांवर गेलेल्या, वाकड्यातिकड्या, काटे अंगावर येणारे. आणि या दोन्हींवर घोसच्या घोस. दोन्हींची मिळून दीड किलो करवंदं उतरली.

सगळी रोपं एकाच नर्सरीतली, एकाच दिवशी लावलेली. त्यामुळे वय आणि रोपांचं मूळ हे दोन्ही संशय बाजूला पडले. फरक राहिला तो सांभाळण्यात. टाकी आणि भिंत यांच्यामधल्या दोन फुटांच्या बोळीत माळ्याची मोठी कात्री चालत नव्हती आणि हिरवळीला पाणी देणारा पाइपही तिथं पोचत नव्हता. ज्या दोन झाडांकडे कुणी पाहिलं नाही, तीच फळली होती.

12 नंबरची एक फांदी आणि 20 नंबरची एक फांदी कापून शेजारी-शेजारी ठेवली. 20 च्या फांदीवर जाड, चामड्यासारखी पानं समोरासमोर, जोडीजोडीनं काटे, आणि अगदी टोकाला एका देठावर पाच-सहा करवंदांचा घोस. 12 च्या फांदीला टोकच नव्हतं. तिथं कात्रीचा सपाट काप, कापाखाली दोन बाजूंना फुटलेले दोन कोवळे, तांबूस कोंब, त्या कोंबांचीही टोकं कापलेली, आणि त्याखाली पुन्हा दोन-दोन नवे कोंब. एका वितीत तीन वेळा कात्री फिरल्याच्या खुणा मोजता येत होत्या. सगळं उत्तर त्या एका वितीत होतं.

करवंदाचा मोहोर प्रामुख्यानं फांदीच्या टोकाला येतो. पावसाळ्यात फुटलेली फांदी दिवाळीपर्यंत वाढते, थंडीत जून होते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत तिच्या टोकाशी पांढऱ्या, सुवासिक फुलांचे गुच्छ निघतात. माळ्याकडून हिशेब घेतला तेव्हा कळलं की कात्री दर सहा-आठ आठवड्यांनी फिरत होती: सप्टेंबरात, नोव्हेंबरात, जानेवारीच्या सुरुवातीला, पुन्हा फेब्रुवारीच्या मध्यात. म्हणजे फांदी जून होऊ लागली की तिचं टोक जायचं, आणि झाड मोहोराऐवजी पुन्हा पालवीच्या मागे लागायचं. मेंदीचं किंवा डुरांटाचं कुंपण असंच राखतात आणि ते बरोबरच आहे, कारण त्यांच्याकडून आपल्याला पानांशिवाय काही नको असतं. करवंदाला तीच कात्री लावली की फळ गेलंच.

दुसरं कारण पाणी आणि खत. कुंपणाला लागूनच हिरवळ होती. तिला हिवाळ्यातही रोज पाणी आणि दोन महिन्यांनी युरिया. करवंदाची मुळं हिरवळीखाली आरामात पोचतात. भर थंडीत ओल आणि नत्र दोन्ही मिळत असताना झाड वाढ थांबवेल कशाला? मोसंबी-लिंबाच्या बागेला बहार धरण्यासाठी ताण देतात, म्हणजे काही काळ पाणी तोडतात, हे खानदेशात कुणाला शिकवायला नको. डोंगरातल्या करवंदाच्या जाळीला पाऊस संपला की हा ताण आपोआप बसतो. अंगणात तो आपल्याला द्यावा लागतो.

कात्री की पाणी?

दोन्ही कारणं एकत्र असल्यानं कोणतं किती भारी, हे नुसतं पाहून सांगता येत नव्हतं. जून 2023 मध्ये 4 ते 19 या सगळ्या झाडांची एकच छाटणी केली आणि त्यानंतर कात्री बंद ठेवायची असं ठरलं. पाण्यात मात्र भेद ठेवला. 4 ते 11 या आठ झाडांशेजारची हिरवळ होती तशी राहू दिली, पाणी चालू. 12 ते 19 या आठ झाडांपासून हिरवळ 3 फूट मागे सरकवली, मधली पट्टी उघडी ठेवली, युरिया बंद केला आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी पूर्ण थांबवलं.

जानेवारी 2024 मध्ये घरात लग्न होतं. मांडवाच्या आधी कुंपण नीटनेटकं दिसावं म्हणून 15, 16 आणि 17 या तीन झाडांवरून कात्री फिरली. माळ्याला थांबवेपर्यंत तीन झाडं झाली होती. खाली पडलेल्या शेंड्यांवर मोहरीएवढ्या कळ्या बोटाला लागत होत्या. नुकसान झालंच, पण मुद्दाम करून पाहिलं असतं तरी यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळाला नसता.

मे-जून 2024 ची तोडणी अशी. पाणी चालू असलेल्या आठ झाडांवरून मिळून सव्वादोन किलो. ताण बसलेल्या आणि कात्री न लागलेल्या पाच झाडांवरून (12, 13, 14, 18, 19) 4 किलो. जानेवारीत कापलेल्या तिघांवर खालच्या, आतल्या फांद्यांना जेमतेम मूठभर.

म्हणजे कात्री थांबवली की फळ येतं, आणि हिवाळ्यात पाणीही थांबवलं की ते अडीच-तीन पट येतं. झाडं थोडीच आहेत आणि ती एका वर्षानं मोठीही झाली होती, म्हणून हा आकडा दुसऱ्या अंगणाला जसाच्या तसा लावू नये. पण क्रम पक्का आहे: आधी कात्री, मग पाणी. कुणाला एकच गोष्ट बदलता येणार असेल तर त्यानं कात्री बदलावी.

पहिल्या तीन झाडांचं दुखणं वेगळं

1 ते 3 ला ना कात्रीनं मारलं होतं, ना हिरवळीच्या पाइपानं. तिथं पान पिवळं पडलं म्हणून आधी फेरस सल्फेटची फवारणी झाली होती, उपयोग शून्य. पिवळेपणा दोन प्रकारचा असतो आणि तो ओळखता आला पाहिजे. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह मिळेनासं झालं तर शेंड्याची नवी पानं पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. तेव्हा 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम लिंबूसत्व मिसळून संध्याकाळी फवारलं की 10-15 दिवसांत फरक दिसतो. इथं मात्र खालची, जुनी पानं सरसकट पिवळी होऊन गळत होती आणि माती ओली असूनही शेंडे मान टाकत होते. हे मुळं गुदमरल्याचं लक्षण.

2 नंबरच्या खोडाची साल नखानं खरवडली. जमिनीपासून फूटभर वर आत हिरवी, मातीच्या रेषेशी तपकिरी. शेजारी फूटभर खणलं तर मातीला आंबूस वास आणि मुळांची साल चिमटीत धरताच सुटून आली. वरच्या मातीवर पांढरट थर होता. कारण चार पावलांवर सापडलं: धुण्याच्या मोरीचा पाइप तिथं उघडा सोडला होता. शिवाय प्लॉट सपाट करताना बाकी सगळीकडे फूटभर मुरमाचा भराव टाकला होता, फाटकाजवळ मात्र मूळची काळी माती तशीच, सखल. करवंद खडकात, मुरमात, बरड माळावर येतं. पाणी साचणारी जागा त्याला अजिबात चालत नाही.

आपली जागा कशी आहे हे लावणीआधी एका दिवसात कळतं. 1 फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणा, पाण्यानं भरा. काळ्या मातीत पहिलं पाणी भेगांमधून झटकन जिरतं आणि माणूस फसतो. म्हणून ते जिरल्यावर लगेच दुसऱ्यांदा भरा आणि हे दुसरं पाणी मोजा. 12 तासांत जिरलं तर जागा चांगली. 24 तासांनंतरही तळाशी पाणी असेल तर तिथं सपाटीवर करवंद लावू नका. या अंगणात फाटकाशी दुसऱ्या दिवशी सकाळीही खड्ड्यात चार बोटं पाणी होतं.

अशा जागी लोक हमखास एक चूक करतात: दीड-दोन फूट खोल खड्डा खणून त्यात मुरूम, वाळू आणि शेणखत भरतात. चिकण मातीतला असा खड्डा म्हणजे हौद. आजूबाजूचं सगळं पाणी त्याच्याकडे धावतं, बाहेर जायला वाट नसते आणि रोपाची मुळं नेमकी त्या हौदात असतात. खाली जाण्याऐवजी वर यायचं. इथं जून 2023 मध्ये तिन्ही झाडं काढली, मोरीचं पाणी पाइप वाढवून मागच्या केळी-अळूच्या आळ्यात वळवलं, बिघडलेली माती अर्धा फूट उचलून टाकली आणि 1 फूट उंच, अडीच फूट रुंद वरंबा केला. त्यात दोन भाग शेतातली माती, एक भाग बारीक मुरूम, एक भाग कुजलेलं शेणखत. वरंब्याला फाटकाकडे किंचित उतार दिला. नवी रोपं वरंब्याच्या माथ्यावर लावली, पिशवीत जेवढी खोल होती तेवढीच. खोड एक बोटही जास्त पुरायचं नाही.

रोप घेताना

बाजारात "करवंद" या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक डोंगरी करवंद: फळ छोटं, पिकल्यावर काळं आणि गोड. हीच ती डोंगरची काळी मैना. दुसरं मोठ्या फळाचं, पांढरट-गुलाबी, जे पिकलं तरी आंबटच राहतं. लोणचं, मुरंब्याला ते उत्तम, आणि बेकरीच्या केकवर जी लाल "चेरी" असते ती पुष्कळदा याच करवंदाला पाकात मुरवून, रंगवून केलेली असते. पंतनगरच्या कृषी विद्यापीठाच्या पंत मनोहर, पंत सुदर्शन आणि पंत सुवर्णा या जाती, तसंच दापोलीची कोकण बोल्ड, अशी नावं ऐकू येतात. नावापेक्षा मातृझाडावरचं फळ पाहून घेणं खात्रीचं. काळ्या गोड फळाची वाट पाहत गुलाबी करवंद सांभाळणारी घरं कमी नाहीत.

बियांपासून केलेलं रोप तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळतं. गुटी कलम त्याआधी, पण ते कमी मिळतं, कारण करवंदाच्या फांद्यांना मुळं फुटायला वेळ लागतो. कुंपणासाठी बियांची रोपं पुरेशी, स्वस्त आणि चिवट. घरी करायची तर पिकलेलं फळ पाण्यात चोळून गर आणि चीक धुऊन काढा, बी एक दिवस सावलीत सुकवा आणि आठवड्याच्या आत पेरा, अर्धा इंच खोल. बी ठेवून दिलं की उगवणशक्ती झपाट्यानं जाते. पुढच्या वर्षीसाठी डबीत भरून ठेवण्यात अर्थ नाही. ताजं बी दोन-तीन आठवड्यांत उगवतं, आणि वर्षभराचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की लावायला तयार.

अंतराबद्दल आमचं मत असं: फक्त कुंपण हवं असेल तर 2 फूट, कुंपण आणि फळ दोन्ही हवं तर 4 फूट. या घरी 3 फूट ठेवलं होतं, चालतं, पण पाचव्या वर्षी झाडं एकमेकांत इतकी घुसली की तोडणीला हात आत जाईना. हद्दीपासून 3 फूट आत लावावं. रस्त्याच्या किंवा पायवाटेच्या कडेला तर नक्कीच, कारण काटे लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात.

वर्षभराचं वेळापत्रक

छाटणी वर्षातून एकदाच, शेवटची तोडणी झाल्यावर, जूनच्या अखेरीपासून. वर 5 फुटांवर कापायचं, बाजू तिरक्या ठेवायच्या: तळाशी रुंदी 3 फूट, माथ्याशी 2 फूट. उभ्या बाजू ठेवल्या की वरचा भाग खालच्यावर सावली धरतो आणि तळ उघडा पडतो. चौथ्या वर्षापासून प्रत्येक झाडाची एक-दोन सर्वात जुनी खोडं बुडातून काढून टाकावीत, म्हणजे आत उजेड आणि वारा जातो. काही राहिलं असेल तर कानबाईपर्यंत (श्रावणातला खानदेशी सण) उरकावं. कानबाईनंतर कात्री नाही. वाटेवर आलेली एखादी फांदी हातकात्रीनं बुडाशी कापावी, शेंडे सपाट करू नयेत.

कापताना पांढरा चीक येतो. तो डोळ्यात जाऊ देऊ नये. कातडी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा. पात्याला चिकटलेला चीक पाण्यानं निघत नाही, तेलाच्या फडक्यानं निघतो. काटा मोडून कातडीत राहिला तर तो त्याच दिवशी काढावा, सांध्याजवळ किंवा डोळ्याजवळ लागला तर घरी कोरत बसू नये, दवाखाना गाठावा.

खत छाटणीबरोबरच: मोठ्या झाडाला 8 ते 10 किलो कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड, खोडापासून दीड फूट लांब मातीत मिसळून. रासायनिक खताची घरच्या झाडाला गरज पडत नाही.

पाण्याचा हिशेब इथं असा बसला. पावसाळ्यात द्यायचं नाही. ऑक्टोबरात दोनदा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फुलं उमलून ज्वारीच्या दाण्याएवढी फळं धरेपर्यंत बंद. त्यानंतर ठिबकच्या ताशी 4 लिटरच्या दोन तोट्या प्रत्येक झाडाला, दीड तास, दर पाच-सहा दिवसांनी. म्हणजे एका वेळी 12 लिटर. हा हिशेब काळ्या किंवा मध्यम जमिनीचा, तीन वर्षांवरच्या झाडाचा. नुसत्या मुरमावर असेल तर हिवाळ्यातही तीन आठवड्यांनी एकदा 10 लिटर द्यावं. पहिल्या दोन वर्षांच्या रोपाला ताण देऊच नये, त्याचं काम मुळं धरण्याचं आहे.

फळ धरल्यावर पाणी सुरू करताना एकदम मोकळं सोडायचं नाही. मार्च 2025 मध्ये ठिबकची एक तोटी निघाली आणि 9 नंबरला रात्रभर पाणी लागलं. चार दिवसांत त्या झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडला. पहिलं पाणी निम्मं, दुसरं पाऊण, तिसऱ्यापासून पूर्ण. एप्रिल-मे महिन्यांत बुडाशी तीन-चार बोटं पाचट किंवा पालापाचोळा पसरावा, खोडापासून चार बोटं दूर, नाहीतर वाळवी खोडाला लागते.

कीड फारशी नाही. कोवळ्या फुटीवर मावा येतो, पाण्याच्या फवाऱ्यानं जातो. पावसाळ्यात कधी बोटाएवढी जाड हिरवी अळी दिसते, डोक्यामागे निळे, डोळ्यांसारखे ठिपके. ही कण्हेरीवरचीच अळी, हातानं वेचावी. फूल असताना कसलीही फवारणी नको. संध्याकाळनंतर पतंग आणि सकाळी मधमाशा या फुलांवर असतात, फळधारणा त्यांच्यावर आहे.

बिट्टीचा धोका

या घराच्या फाटकाशी पिवळ्या फुलांची बिट्टी होती, म्हणजे पिवळी कण्हेर. ती जून 2023 मध्ये काढायला लावली, आणि हा सल्ला प्रत्येक करवंद लावणाऱ्याला आहे. करवंद आणि बिट्टी एकाच कुळातली. दोन्हींना पांढरा चीक. बिट्टीचं फळ आधी हिरवं असतं आणि पिकल्यावर काळपट होतं. तिच्या आतली बी हृदयाची गती बिघडवून जीव घेऊ शकते. कुंपणावरचं काळं फळ तोडून तोंडात टाकायचं असतं, हे आपणच मुलांना करवंदावरून शिकवतो. त्याच कुंपणात बिट्टी ठेवणं म्हणजे अपघाताची वाट पाहणं. फळात फरक असा: करवंद बोराहून लहान, गोल-लांबट आणि घोसात. बिट्टीचं फळ बरंच मोठं, काहीसं त्रिकोणी, मध्ये कंगोरा असलेलं. मोठ्यांना हा फरक पुरतो, चार वर्षांच्या पोराला पुरत नाही.

तोडणी

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास कच्ची, कडक, हिरवी करवंदं हाताला लागतात. माहेरवाशिणी घरी आलेल्या असतात आणि चटणी-लोणच्याला हात मिळतात, म्हणून या घरात निम्मं पीक तेव्हाच उतरवतात. ते झाडालाही बरं, उरलेली फळं मोठी होतात. कच्ची करवंदं तोडल्यावर देठाशी चीक येतो. ती अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवून चोळून धुतली की ओठांना चिकटत नाहीत आणि लोणच्याला कडवटपणा येत नाही. चटणीला 250 ग्रॅम करवंदं चिरून बिया काढून, चार हिरव्या मिरच्या, सहा-सात लसूण पाकळ्या, मीठ, चमचाभर जिरं आणि सुपारीएवढा गूळ. पाट्यावर जाडसर वाटावी. कळण्याच्या भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

जेली करायची तर अर्धवट लालसर झालेली फळं घ्यावीत, पूर्ण काळी नाहीत. जेली घट्ट करणारा पेक्टिन पिकत जाताना कमी होतो, आणि काळ्या करवंदांची जेली कितीही आटवली तरी वाहतीच राहते. खायची करवंदं मात्र पूर्ण काळी होऊन किंचित मऊ झाल्यावरच काढावीत, तोडल्यावर ती गोड होत नाहीत. दर दोन दिवसांनी फिरावं, नाहीतर बुलबुल आधी पोचतात. पिकलेलं फळ दोन-तीन दिवसांपेक्षा टिकत नाही.

2025 च्या हंगामात जूनपर्यंत 4 ते 21 या 18 झाडांवरून कच्ची-पिकी मिळून 21 किलो उतरली. त्याआधीच्या हिवाळ्यात सगळ्यांनाच ताण दिला होता आणि कात्री कुणीही लावली नव्हती. वरंब्यावरची तीन नवी रोपं दोन फुटांवर आली आहेत, पानं गडद हिरवी, पाणी साचत नाही.

एक दुखणं बाकी आहे. 4, 5 आणि 6 यांचा तळ उघडा पडला आहे. तीन वर्षं बाजू उभ्या कापल्याचा हा परिणाम. खालच्या दीड फुटात नुसती काटकी खोडं, आणि तिथून शेळीचं करडू आत येतं. वरच्या छाटणीनं हा तळ भरत नाही. जुलै 2025 च्या पहिल्या आठवड्यात ही तिन्ही झाडं जमिनीपासून दीड फुटावर सरसकट कापली, मोठ्या कापांवर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली आणि त्या 9 फुटांत तात्पुरती काटेरी तार बांधली. पोळ्यापर्यंत बुंध्यातून वीत-वीतभर फूट निघाली होती, प्रत्येक खोडाला सात-आठ कोंब. त्यातले बाहेरच्या दिशेचे चार-पाच ठेवून बाकीचे काढले. 2026 च्या उन्हाळ्यात या तिघांकडून फळ धरायचं नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलं आहे.